उघाडी : खारबांधाच्या दाराची कुळकथा

खाडीचं खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून घातलेल्या खारबांधाची गोष्ट सांगताना माणसं मातीपासून सुरुवात करतात. मी दारापासून करतो, कारण बांधाची सगळी अक्कल त्या दारात आहे. पेण-अलिबागकडे या दाराला उघाडी म्हणतात, गोव्यात मानस. बांधाच्या पोटात एक मोरी, तिच्या खाडीकडच्या तोंडाला वरून टांगलेलं लाकडी झडप. भरती चढली की खाडीचं पाणी झडपेवर रेटतं आणि ती मोरीच्या चौकटीवर घट्ट बसते, खारं पाणी बाहेरच थांबतं. ओहोटी लागली, खाडीची पातळी शेतातल्या पाण्याच्या खाली गेली, की आतलं पावसाचं पाणी झडप बाहेर ढकलून वाहून जातं. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या. चंद्र जो जोर लावतो त्याच जोरावर हे दार लागतं आणि उघडतं. इंजिन नाही, पंप नाही, पहारेकरी झोपला तरी बिघडत नाही.

हे ज्याने पहिल्यांदा केलं त्याचं नाव कुठे लिहिलेलं नाही. पण बांधाचं वय सांगणारा एक भक्कम पुरावा आपल्याकडे आहे. गोव्यात फोंड्याजवळ बांदोड्याला कोकणच्या मौर्य घराण्यातल्या अनिर्जितवर्म्याचा ताम्रपट मिळाला. साधारण सहाव्या-सातव्या शतकातला. त्यात एका ब्राह्मणाला ‘खज्जन’ जमीन दान दिली आहे आणि तिथलं रान तोडून, खारं पाणी अडवायला बांध घालून ती पिकाखाली आणायची मुभा दिली आहे. गोव्यात आज ज्याला खाजन म्हणतात ते हेच. म्हणजे खाडीच्या चिखलातून शेत काढायची विद्या त्या काळी इतकी रुळलेली होती की राजा तिचा उल्लेख दानपत्रात सहज करत होता. नेदरलँडच्या शेतकऱ्यांनी समुद्राशी जे केलं त्याचं कौतुक आपण शाळेत शिकलो. आपल्या खाड्यांवरचं हे काम त्यांच्या मोठ्या बांधांहून जुनं आहे, आणि ते मात्र आपल्याला कुणी शिकवलं नाही.

बांध घालायची रीत साधी होती, सोपी नव्हती. काम पावसाळा संपल्यावर सुरू व्हायचं आणि त्यातही दिवस निवडून. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, तेव्हा पाणी फार वर येतं. अष्टमीच्या सुमाराला भांग, भरती मऊ असते. खाडीचं तोंड बुजवायचं ते भांगात, दोन भरत्यांच्या मधल्या वेळेत. खाडीच्याच चिकण चिखलाच्या ढेपा कापायच्या, हातोहात पुढे द्यायच्या, एकावर एक रचून पायांनी तुडवायच्या, मध्ये भाताचा पेंढा घालायचा. खाडीकडचा उतार लांब आणि पसरट ठेवायचा, म्हणजे लाट आपटत नाही, चढते आणि मावळते. शेताकडचा उतार थोडा उभा चालतो. माथा मोठ्या उधाणाच्या रेषेच्या बराच वर. नंतरच्या काळात खाडीकडच्या अंगाला दगडांचं अस्तर आलं, पण गाभा चिखलाचाच राहिला. चिखल भेगाळतो, खचतो, खेकडे त्यात बिळं करतात. एका बिळातून झिरपा लागला आणि तो वेळेवर बुजवला नाही, तर पुढच्या उधाणाला तिथे खांड पडते. खांड पडली म्हणजे बांध फुटला. एका रात्रीत खारं पाणी शेकडो एकरांत शिरतं आणि जमीन पुढची काही वर्षं नापीक होते.

बांध पुरा झाला म्हणून लगेच भात येत नाही. पहिले दोन-तीन पावसाळे जमीन नुसती धुवायची. पावसाचं गोडं पाणी शेतात कोंडायचं, त्यात मीठ विरघळू द्यायचं आणि ओहोटीला उघाडीतून ते सोडून द्यायचं. असं पुन्हापुन्हा. मग राता टाकायचा. राता हे खाराला दाद न देणारं तांबड्या दाण्याचं भात. गोव्यात त्याच कामाला कोरगुट. बी भिजवून, मोड आणून चिखलात फेकायचं, त्याला रहू म्हणतात. पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्रातून पुढे काळा राता, भुरा राता यांच्या निवडक जाती आणि ‘पनवेल’ नावाची सुधारित वाणं निघाली. मूळ बी मात्र शेतकऱ्यांनीच पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलेलं. भात कापलं की बांधाच्या आतल्या तळ्या-खाचरांत मासे. पेण-अलिबागचा जिताडा ज्याने खाल्ला आहे त्याला जास्त सांगायला नको. हा मासा खाऱ्या आणि गोड्या दोन्ही पाण्यांत राहतो, म्हणून त्याला हीच जागा मानवते.

या सगळ्या बांधणीत एक भाग असा आहे की जो कुणी बांधला नाही, फक्त राखला. बांधाच्या बाहेर, खाडीच्या अंगाला, तिवरांचा आणि कांदळाचा, म्हणजे खारफुटीचा, पट्टा सोडलेला असे. तो तोडायचा नाही. लाट तिवरांत शिरली की तिच्यातला जोर मुळांवर आणि बुंध्यांवर खर्च होतो, बांधाला ती निमूट येऊन लागते. मुळांत गाळ धरतो, त्याने बांधाचा पाया भरीव होतो. पाणथळ आणि बांध हे दोन वेगळे विषय आहेत ही समजूत अलीकडची. खारात राबणाऱ्याला तिवराचा पट्टा म्हणजे बांधाचाच पहिला थर होता.

आता प्रश्न मालकीचा आणि डागडुजीचा. माझ्या मते कुळकथेचा खरा गाभा हा आहे.

कुलाबा म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्याचं १८८३ चं गॅझेटियर चाळलं तर शिलोत्री नावाच्या पद्धतीची माहिती सापडते. ज्याने पदरचे पैसे घालून बाहेरचा बांध घातला तो शिलोत्रीदार. आतली जमीन कुळं कसत, सरकारचा सारा वेगळा भरत, आणि त्यावर बिघ्यामागे ठरावीक भात शिलोत्रीदाराला देत. त्या भाताच्या बदल्यात बांध धडधाकट ठेवणं हे त्याचं काम. पद्धत कागदावर चोख होती. पण भात घेणारा हात आणि चिखल उचलणारा हात वेगळे झाले की काय होतं ते पुढे दिसलं: भात येत राहिलं, बांध खचत राहिले. त्यात खोतीची भर. खारात राबायचं कुळांनी आणि पिकाचा मोठा वाटा न्यायचा खोताने. या अन्यायावर उठलेला चरीचा संप अलिबाग तालुक्यातल्या याच खारपट्ट्यातला. २७ ऑक्टोबर १९३३ ला चरीच्या सभेत नारायण नागू पाटील यांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी जमिनी न कसण्याचा निर्णय घेतला आणि तो १९३९ पर्यंत पाळला. डॉ. आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नाहीशी करण्याचं विधेयक मांडलं, त्यामागे कोकणातल्या कुळांची हीच दैना होती. संपात इतकी वर्षं जमीन ओस ठेवण्याचा अर्थ खारातल्या माणसालाच नीट कळेल.

गोव्यात वाट निराळी. तिथे गावकारीने म्हणजे गावाच्या सामाईक संस्थेने बांध राखले. पोर्तुगीज आले तेव्हा ही व्यवस्था इतकी मुरलेली होती की १५२६ च्या सनदेत त्यांनी गावकारीचे रिवाज लिहून घेतले आणि बरेचसे तसेच चालू दिले. मानशीवर मासे धरायचा हक्क लिलावात जाई आणि गावाला उत्पन्न मिळे. १९६४ च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघांकडे आली. कूळ मालक झालं हे योग्यच झालं, त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण बांधाचा सांभाळ ढिला पडला. भातापेक्षा माशाचा पैसा जास्त दिसू लागला, तशी काही ठिकाणी मानस मासळीसाठी नको तेव्हा उघडी राहू लागली आणि खारं पाणी शेतात आलं. गोव्यात सुमारे १८ हजार हेक्टर खाजन जमीन आहे. तिच्या बऱ्याच भागात आज पीक नाही.

रायगडात या दोन्हींच्या पलीकडची एक तिसरी रीत होती, जोळ. एका बांधाआड ज्यांची शेतं त्या सगळ्यांनी मिळून बांध राखायचा. उधाणात बांधावर फिरायचं, खेकड्याचं बीळ दिसलं की तिथल्या तिथे चिखल कोंबायचा, खांड गेली तर घरटी माणूस हजर. कुणाचं शेत कुठे आहे हे बघायचं नाही, कारण पाणी कुठूनही शिरलं तरी सगळ्यांच्याच शेतात पसरतं.

स्वातंत्र्यानंतर राज्य या कामात उतरलं. १९४८ चा मुंबई खारजमीन कायदा, मग १९७९ चा महाराष्ट्र खारजमीन विकास कायदा. खारभूमी मंडळ झालं, खातं झालं, पेणला कार्यालय झालं. सिमेंटच्या मोऱ्या, लोखंडी झडपा, दगडी अस्तर आलं. पुष्कळ चांगलं काम झालं. पण बांध सरकारचा झाला तशी जोळ विरत गेली. खांड पडली की आता अर्ज जातो, अंदाजपत्रक होतं, मंजुरी येते, आणि तोवर दोन पावसाळे निघून जातात. त्या दोन पावसाळ्यांत शेतात तिवरं उगवतात. आणि तिवर एकदा उगवलं की गोष्ट वेगळीच होते. मुंबई उच्च न्यायालयाने १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनांच्या तोडीवर आणि त्यांच्याभोवतीच्या ५० मीटरच्या पट्ट्यावर कडक बंधनं घातली. तो निकाल मला मनापासून मान्य आहे. मुंबई-ठाण्याच्या खाड्यांत भराव टाकणाऱ्यांना त्यानेच चाप बसला. तरीही ज्याच्या सातबाऱ्यावर भातशेती आहे आणि डोळ्यांसमोर कांदळवन, त्या शेतकऱ्याचं दुःखही खोटं नाही. तिवर बांधाच्या बाहेर हवं आणि भात आत. ही सीमा सांभाळायची असेल तर खांड पडली त्याच मोसमात बुजवावी लागते. दुसरा उपाय नाही.

मुंबईत याच विद्येचा मोठा अवतार अठराव्या शतकात झाला. महालक्ष्मी आणि वरळीच्या मध्ये भरतीचं पाणी शिरायची जी खिंड होती ती हॉर्नबी गव्हर्नर असताना बांध घालून बुजवली. १७८४ च्या सुमाराला काम पुरं झालं. बेटं एक झाली, पण आतली सखल जमीन सखलच राहिली. पुढे त्यावर गिरण्या, चाळी, बाजार उभे राहिले. बांध झाला, भराव झाला, दाराकडे मात्र दुर्लक्ष झालं. समुद्रात सोडलेल्या गटारांची बहुतेक मुखं भरतीच्या रेषेखाली आणि बिनझडपांची होती. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि भरती आडवी आली, तेव्हा पाण्याला जायला वाटच नव्हती. पेणच्या शेतकऱ्याने शेताला जी झडप लावली होती ती महानगराने आपल्या गटारांना लावलेली नव्हती. हाजी अली, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर इथली पंपघरं त्यानंतर बांधली गेली.

२००५ सालीच, मुंबईच्या पुरानंतर महिनाभराने, २९ ऑगस्टला अमेरिकेत कॅटरिना वादळ न्यू ऑर्लिन्सवर आलं. हजाराहून जास्त माणसं गेली. शहराभोवती बांध होते, पण पावसाचं पाणी सरोवरात टाकणारे कालवे शहराच्या पोटापर्यंत उघडे होते. सरोवराचं उधाण त्याच वाटेने आत आलं आणि कालव्यांच्या भिंती कोसळल्या. नंतर त्या कालव्यांच्या मुखांशी कायमची दारं आणि पंप बसले, ते काम २०१८ ला पुरं झालं. दुसरी चूक वेगळ्या जातीची होती. जहाजांना जवळची वाट हवी म्हणून पाणथळीतून सरळ कालवा खणला होता. त्यातून खारं पाणी आत शिरलं, सरूच्या कुळातल्या पाणवृक्षांची रानं वाळली, लाटेला अडवणारं काही उरलं नाही. २००९ साली तो कालवा दगडांनी बंद केला. लुइझियानाने १९३२ ते २०१० या काळात ४,८०० चौरस किलोमीटरहून जास्त किनारी जमीन गमावली, आणि आता तिथल्या योजनांत बांध आणि पाणथळ यांचा आराखडा एकत्र आखला जातो. आमच्या खारात तिवराचा पट्टा का सोडत, याचं उत्तर एवढी किंमत मोजून त्यांना मिळालं.

मी हे दुबईच्या इंटरनॅशनल सिटीत बसून लिहितो आहे. चीन, इंग्लंड, फ्रान्स, पर्शिया अशी देशांची नावं दिलेल्या चाळवजा इमारती, पलीकडे ड्रॅगन मार्ट, अल वर्सानची तळी. कोकणातली पुष्कळ मुलं इथे दाटीवाटीने राहतात. समुद्र इथून दिसत नाही, पण खार दिसतो. सबखा म्हणतात इकडे, मिठाचा पापुद्रा धरलेली सखल जमीन, उन्हाळ्यात आपल्या पडीक खाजणासारखीच पांढरी. १६ एप्रिल २०२४ ला अमिरातीत १९४९ पासूनच्या नोंदींतला सर्वांत मोठा पाऊस पडला. अल ऐनजवळ खत्म अल शक्ला इथे चोवीस तासांच्या आत २५४.८ मिलिमीटर. दुबईत वर्षभरात पडतो त्याहून जास्त पाऊस एका दिवसात पडला. पाणी आभाळातून आलं, समुद्रातून नाही. तरी प्रश्न तोच, पाणी जाणार कुठून? पुढचे काही दिवस पंप आणि टँकर हेच दुबईचं दार होतं. त्याच वर्षी जूनमध्ये दुबईने ‘तसरीफ’ नावाची योजना जाहीर केली: ३० अब्ज दिरहॅम खर्च, दिवसाला दोन कोटी घनमीटरहून जास्त पाणी वाहून नेण्याची क्षमता, २०३३ पर्यंत पूर्तता.

या शहराला बांधाचं दार आधीही एकदा शिकावं लागलं होतं. पाम जुमेराचं बेट समुद्रात उभारताना त्याभोवती ११ किलोमीटरचा चंद्रकोरी लाटरोधक बांध घातला. लाट अडली, पण आतलं पाणीही अडलं, साचून खराब होऊ लागणार हे दिसलं. तेव्हा त्या बांधात फटी ठेवाव्या लागल्या, भरती-ओहोटीला ये-जा करता यावी म्हणून. आणि इंटरनॅशनल सिटीपासून काही किलोमीटरवर, दुबई खाडीच्या शेपटीला, रास अल खोर आहे. १९८५ पासून राखीव, २००७ पासून रामसर यादीत, ६२० हेक्टर. हिवाळ्यात तिथे रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. तिथली तिवरं कोकणातलीच, तीच जात. उंच इमारतींच्या या शहराने खाडीच्या टोकाची एवढी दलदल भरावाखाली न घालता राखली, याचा मला फार आनंद वाटतो.

अरबी समुद्र दोन्ही किनाऱ्यांना एकच आहे. जून २००७ मध्ये गोनू वादळ ओमानवर आदळलं आणि फुजैराच्या किनाऱ्यावर पाणी चढलं. ऑक्टोबर २०२१ मध्ये शाहीन ओमानमध्ये शिरलं. ३ जून २०२० ला निसर्ग रायगडच्या किनाऱ्यावर उतरलं, पुढच्या मे महिन्यात तौक्ते किनाऱ्याला घासून गुजरातकडे गेलं. खारबांध वादळासाठी बांधलेले नव्हते, रोजच्या भरतीसाठी होते. आता त्यांच्यावर वादळाचाही भार आहे, आणि समुद्राची पातळी वाढते आहे. राष्ट्रीय चक्रीवादळ धोका निवारण प्रकल्पातून महाराष्ट्रात आणि गोव्यात काही खारबांध नव्याने उंच आणि भक्कम केले गेले. हे व्हायलाच हवं होतं. पण उंच बांधालाही खेकडा बीळ करतोच, आणि ते बघायला बांधावर माणूस लागतो.

नेदरलँडमध्ये तेराव्या शतकापासून पाण्याची मंडळं आहेत, आणि तिथे जुना कडक रिवाज होता. ज्याला आपल्या वाटणीचा बांध राखणं झेपत नसे त्याने त्यात फावडं रोवायचं आणि जमीन सोडून निघून जायचं. जो ते फावडं उपटेल, जमीन त्याची आणि बांधाची जबाबदारीही त्याची. इतका कठोर नियम मी कोकणासाठी मागणार नाही. पण त्यामागचं सत्य आपल्यालाही लागू आहे. खारात जमीन असणं म्हणजे बांधाचं देणं डोक्यावर असणं. आज रायगड-रत्नागिरीच्या कित्येक खारजमिनींचे मालक मुंबईत आहेत, आखातात आहेत. शेत पडीक, भाऊबंद विखुरलेले, जोळीला हाक मारली तर येणारे चार म्हातारे. सरकार दिरंगाई करतं हे खरं आहे, पण आपणही फावडं न रोवता निघून आलो आहोत.

म्हणून माझं मागणं माझ्यासारख्याच परगावी राहणाऱ्यांकडे आहे. तुमच्या सातबाऱ्यावर खारजमीन असेल तर यंदा पावसाळ्याआधी गावी फोन करून विचारा, आपल्या बांधाची उघाडी लागते का, झडप शाबूत आहे का, खांड कुठे पडली आहे. जोळ उभी राहत असेल तर आपल्या वाट्याची मजुरी पाठवा, सुट्टीत गेलात तर उधाणाच्या दिवशी बांधावर जा. खारभूमी खात्याकडे अर्ज करायचा तो सगळ्या खातेदारांच्या सह्यांनी करा आणि त्यात नुसता नवा बांध मागू नका, दरवर्षीच्या डागडुजीचा पैसा मागा. आणि बांधाबाहेरच्या तिवराला कुणालाही हात लावू देऊ नका.